दहा मोजेपर्यंत बोट

अप्पा, खंडेनवमी होऊन बारा दिवस झाले, तरी घराच्या दाराशी आले की अजून लगेच आत जात नाही. किल्ली लावायच्या आधी मी दाराला नाक लावून वास घेते. जिन्यातून जाणारं कुणी बघत असेल तर काय म्हणत असेल, देव जाणे. पॉलिटेक्निकात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेली बाई, चोपन्न वर्षांची, स्वतःच्याच दाराचा वास घेत उभी. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, काय केलंस ते नीट पहिल्यापासून सांग. म्हणून सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही तुम्हाला, आणि आता लिहितेय ती भीतीपोटी. भीती कुणाला तरी सांगितल्याशिवाय जात नाही, आणि ही सांगण्यासारखं दुसरं माणूस मला सापडलं नाही.

आधी अम्माचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठीच झालं. अम्मा आता ब्याऐंशीची आहे. अंगानं ठणठणीत, गुडघे माझ्यापेक्षा चांगले. पण डोक्यातलं एकेक निसटत चाललंय अप्पा. मला बहुतेक वेळा ओळखते, कधी मी तिची धाकटी बहीण असते, कधी भाजीवाली. एकच गोष्ट तिच्या मनातून हलत नाही. साडेबारा वाजले की तुमचा डबा पोचवायचा. मंडी मोहल्ल्यातलं तुमचं कॉइल वाइंडिंगचं दुकान जाऊन किती वर्षं झाली, तिथे आता कुणी मोबाइलची कव्हरं विकतो. पण हिचं रोजचं ठरलेलं. डबा भरते, कधी ताकभात, कधी नुसत्या लोणच्याच्या दोन फोडी, आणि होत्तायतु, होत्तायतु म्हणत, उशीर झाला म्हणून घाई करत, पायात चप्पल सरकवते. सुरुवातीला मला गंमत वाटायची. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटायचा तुमचा.

मग उगादीनंतरच्या, म्हणजे पाडव्यानंतरच्या, आठवड्यात ती खरंच गेली. मी लॅबमध्ये, घरी तिच्याजवळ बसणारी बाई कपडे धुवायला न्हाणीघरात, आणि हिनं डबा उचलला. दुकान सापडलं नसणार, म्हणून मग नरसीपूरच्या बसमध्ये बसली आणि तिथून सोसल्याला, माहेरी. माहेर म्हणायला तिथे आता आहे कोण. मी दुपारी एकपासून सगळं गाव पालथं घातलं. पोलीस, बसस्टँड, दवाखाने. पाचावर धारण बसली होती माझी. दिवस मावळता मावळता तिथल्या मठातल्या एका आचाऱ्याचा फोन आला. एक आजी नदीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्यात, मांडीवर डबा आहे, डब्याच्या झाकणावर हा नंबर कोरलाय, म्हणाला. तो नंबर मीच कोरला होता, तुमच्या कोरणीनं. मी पोचले तेव्हा ती तशीच बसली होती, घोट्यापर्यंत पाण्यात. खालच्या पायरीवर शेवाळ होतं. ते शेवाळ अप्पा, अजून डोळे मिटले की दिसतं मला.

बाहेरून कुलूप घालून तिला आत ठेवणं मला जमलं नसतं. आत गॅस आहे, देवापुढे दिवा आहे, आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, दार एकच, बाल्कनीला जाळी. काही झालं तर? या ‘काही झालं तर’वर माझं अर्धं आयुष्य गेलंय, तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी शहाणपणा केला. कुलूप नको, मॅग्नेट लावू. चौकटीला मॅग्नेट, दाराला लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर दार धरलेलं, वीज गेली की सुटलेलं, म्हणजे आग लागली तरी दार आपोआप मोकळं. तयार मॅग्नेट बाजारात मिळतात. पण मला गोदरेजच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यातलं तुमचं शेवटचं काम आठवलं. कृष्णराजनगरच्या भातगिरणीसाठी गुंडाळलेलं बारा व्होल्टचं कॉइल, जे न्यायला कुणी आलंच नाही. व्हार्निश अजून चकचकीत होतं. तुमच्या हातची गुंडाळी अम्माला घरात धरून ठेवणार, या विचारानं मला बरं वाटलं. त्या आठवड्यात बरं वाटण्यासारखी तेवढीच गोष्ट होती.

त्याच गिरणीत मला भीती पहिल्यांदा कळली होती. मी अकरा वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि तुम्ही मला कृष्णराजनगरला घेऊन गेला आहात. भाताबरोबर येणारे खिळे नि तारांचे तुकडे धरायला घसरणीच्या तोंडाशी मॅग्नेट बसवायचाय. कोंडा उडतोय, माझ्या वेण्या पांढऱ्या झाल्या आहेत. बॅटरीला वायर लावून तुम्ही तपासता, मूठभर खिळे खाडकन चिकटतात, आणि मला म्हणता, काढ ती वायर. मी दोन्ही हातांनी काढते, एक बोट उघड्या तारेवर, एक बॅटरीच्या टोकावर. असा झटका बसतो की मी कोंड्याच्या ढिगात मागे पडते. बारा व्होल्ट काही करत नाहीत असं तुम्हीच सांगितलेलं असतं. मी रडायला लागते. गिरणीतले लोक धावतात. तुम्ही मात्र जागचे हलत नाही, आणि मला जवळही घेत नाही.

“चालू करताना सगळेच बघतात,” तुम्ही म्हणता. “बंद करताना बघायचं असतं. कॉइल गप जात नाही, जाताना चावतं.”

मग विटेच्या तुकड्यानं जमिनीवर चित्र काढून दाखवता की कॉइलमध्ये भरलेलं असतं ते बंद करताना बाहेर यायला बघतं, त्याला वाट नसली तर ते भलतीकडून उडी मारतं, म्हणून कॉइलच्या डोक्यावर उलटा डायोड बांधून त्याला घरातल्या घरात फिरायला वाट द्यायची. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. परतताना स्टँडवर मसाला मंडक्की, तिखट चुरमुरे, घेऊन देता, तरी माझा हुंदका थांबत नाही. तेव्हापासून कुठलीही गोष्ट बंद करताना माझा हात अर्धा क्षण अडतो. पंख्याचं बटणसुद्धा.

दुकानातलं तुमचं दुसरं शास्त्र म्हणजे बोट. नवं किंवा दुरुस्त केलेलं काहीही तासभर चालवायचं आणि मग त्याच्यावर बोट ठेवून मोजायचं. घरात आपण मराठी बोलत असलो तरी तुमची मोजणी कन्नडातच. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, बोट टिकलं तर माल गिऱ्हाइकाला द्यायचा. त्याआधी बोट काढावं लागलं तर खोलायचं, मग गिऱ्हाईक दारात उभं असो की कलेक्टर. आणि खंडेनवमीला, जिला दुकानात आपण आयुधपूजा म्हणायचो, ते बोट कुंकवाचं व्हायचं. अम्मा वाटी घेऊन यायची. लेथपासून इस्त्रीपर्यंत, मल्टीमीटरपासून दारावरच्या घंटीपर्यंत एकेका वस्तूला ती कुंकू लावायची, आणि तुम्ही मागोमाग तिची वायर हातानं काढून ठेवायचात. त्या दिवशी यंत्रांना विसावा. कशाला हात भाजला की ती सांगायची, हे तापलंय हो, आणि तुम्ही त्याच्यावर खडूनं फुली मारायचात. मी कॉलेजात शिकून आगाऊ झाले होते, पक्कडीला कुंकू लावून काय होतं म्हणून मी तुम्हाला हसले होते एकदा. तुम्ही म्हणालात, देवाचं देव बघेल, पण वर्षातून एकदा तरी प्रत्येक वस्तूला माणसाचं बोट लागतं की नाही?

आता सर्किट. तुम्ही विचारणारच. हल्लीचे बोर्ड बिस्किटाएवढे असतात अप्पा, त्यात डोकं पुष्कळ, पण अंगात जोर नाही. त्याच्या पायावर तीन व्होल्टच्या थोडे वर मिळतात, तेही नखभर प्रवाहाचे. तुमच्या कॉइलला हवेत बारा, आणि भूक मोठी. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. नळाच्या चावीसारखा, बोर्डानं हलकेच ढकललं की कॉइलचा प्रवाह मोकळा. तुमच्या टोपीवाल्या जाड्या ट्रान्झिस्टरांसारखा हा नाही, याला ढकलायला नुसता दाब पुरतो, पण दाब पुरेसा हवा. माझ्याजवळ लॅबच्या खणात जो होता तो दहा व्होल्टला पूर्ण उघडणारा. तीन व्होल्टला तो किलकिला उघडतो, आणि किलकिल्या वाटेतून सगळा प्रवाह जायला लागला की तापतो. कमी व्होल्टला पूर्ण उघडणारे वेगळे मिळतात, मी दरवर्षी पोरांना हे फळ्यावर लिहून देते. तो मागवायला चार दिवस लागणार होते. चार दिवस मला थांबवत नव्हतं. रोज साडेबारा वाजता माझ्या डोळ्यांपुढे ते शेवाळ यायचं. खणातला लावला. मॅग्नेटनं दार धरलं. दोन्ही हातांनी ओढून बघितलं, हललं नाही. डायोड मात्र सगळ्यात आधी लावला होता हं अप्पा. तेवढं तुमचं विसरले नव्हते.

बाहेरच्या बाजूला आकडे दाबायची पट्टी बसवली, आकडे जुळले की बोर्ड मॅग्नेट सोडणार. आणि तुमची ती अट, कुठल्याही यंत्राचा प्रवाह हातानं तोडता आला पाहिजे, ती पाळून आतल्या बाजूला एक साधा खटका लावला. दुसऱ्या दिवशी अम्मानं तो दाबला आणि फाटकापर्यंत पोचली. मी खटका काढून टाकला. घरातून निघायचं तर बुटांच्या रॅकवरच्या सर्किटच्या डबीतली लाल वायर उपसायची, बाहेर पडताना परत लावायची. मग वीज जायला लागली. वीज गेली की दार मोकळं, आणि वीज काय मला विचारून जाते? चार वेळा लॅबमधून जीव मुठीत धरून घरी धावले. मग बॅटरी जोडली. अशी एकेक वाट मीच बुजवत गेले, आणि दर वेळी मला वाटलं की मी सुरक्षित केलं.

खाली पुण्याहून आलेले एक काका राहतात, मुलाच्या नोकरीमुळे इथे आले आणि रमले. स्वच्छ पुणेरी बोलतात, माझ्या ‘अय्यो’ला नि वाक्यामागे ‘नाही का’सारख्या येणाऱ्या ‘अल्वा’ला हसतात. दार बघायला आले होते. आग लागली तर, म्हणाले. मी म्हटलं, वीज जाते, दार सुटतं. आणि ही बॅटरी, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बाहेरून आकडे दाबले की उघडतंच. मी नसले तर तुम्ही दाबा, म्हणून आकडेही सांगून टाकले. ते म्हणाले, तुम्ही त्यातल्या जाणकार, मी आपलं विचारलं. मला राग आला होता त्यांचा. आपण ज्याला घाबरतो तेच दुसऱ्यानं बोलून दाखवलं की येतो तसला राग.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग खंडेनवमी आली. अम्माजवळ बसणाऱ्या बाईला सणाची सुट्टी. मी सकाळी हॉलमध्ये पाट मांडला, त्याच्यावर तुमचा खाकी कोट पसरला, आणि कोटावर तुमची हत्यारं ओळीनं लावली. पक्कड, सोल्डरिंग आयर्न, हातानं फिरवायचं गुंडाळणीचं यंत्र. पुढे समई लावली. अम्मा खूश होती, लहान मुलीसारखी मांडी घालून बसली होती. मग लक्षात आलं की कोहळा आणायचा राहिला, फुलं नाहीत, वाटायला चुरमुरे नाहीत. अर्ध्या तासात येते म्हटलं. दार लावलं, मॅग्नेटनं धरल्याचा आवाज ऐकला, गेले. दसऱ्याच्या गर्दीत अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. एका काखेत कोहळा, एका हातात फुलांची पिशवी अशी जिना चढले, आणि वरच्या पायरीवरच मला वास आला. आधी कापसाचा. मग जुन्या व्हार्निशचा. तुमच्या कोटाचा वास होता तो.

आकडे दाबले. पट्टीवर हिरवा दिवा लागला, पण दार सुटलं नाही. पुन्हा दाबले. पुन्हा हिरवा. बोर्ड बिचारा सोड सोड म्हणत होता आणि दार तसंच. दाराच्या खालच्या फटीतून धूर येत होता, फार नाही, उदबत्तीच्या धुराहून जरा जाड. मी ओरडले असणार, कारण खालचे काका वर आले. त्यांनी दोनदा आकडे दाबून बघितले, मग धावत जाऊन मीटरचा मुख्य खटका पाडला. पट्टीचा दिवा विझलासुद्धा नाही. बॅटरी. मी इतक्या हुशारीनं जोडलेली बॅटरी, चार तास पुरेल अशी. आम्ही दोघांनी खांद्यानं दार ढकललं, पण ते उघडतं बाहेरच्या बाजूला, ढकलून काय होणार? काकांनी कडी धरून ओढलं, कडी हातात आली. तुम्ही चांगलं गुंडाळलं होतं अप्पा. एक वेढा सैल नव्हता.

मी फटीला तोंड लावून हाका मारल्या. अम्मा, बाल्कनीत जा. अम्मा, लाल वायर ओढ, बुटांच्या रॅकवरची लाल वायर. आतून पावलं आली. दाराच्या अगदी पलीकडे थांबली.

“कोण पाहिजे?” अम्मा म्हणाली. “घरात पुरुषमाणूस नाही. हे दुकानात गेलेत. नंतर या.”

आणि पावलं परत गेली. मी काय काय बोलले असेन, आठवत नाही. शिव्यासुद्धा दिल्या असतील. काका अग्निशमनवाल्यांना फोन करत होते, मिरवणुकीच्या बंदोबस्तामुळे रस्ते अडवलेत असं पलीकडून कुणी सांगत होतं. मी जिन्यात बसले. कोहळा घरंगळत खालच्या वळणावर जाऊन आपटला होता. एवढंच डोक्यात होतं की नदीच्या पायरीवरून मी हिला घरी आणली ती यासाठी. तिला मी कोंडलंय. दुसऱ्या कुणी नाही, मी, माझ्या हातांनी, एकेक स्क्रू पिळून. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग चर्र, मग काही नाही. त्या काही नाहीमध्ये मी किती वेळ होते, काका म्हणतात दोन मिनिटं. मग आत दाराजवळ अम्मा हळू आवाजात कुणाशी तरी बोलताना ऐकू आली. प्लॅस्टिकचं झाकण निघाल्याचा आवाज. आणि मग खट् झालं, चौकटीतून, आणि दार आपलं आपण बोटभर पुढे आलं.

अम्मा उभी होती. डाव्या हातात कुंकवाची वाटी आणि लाल वायर, उजव्या हाताचं बोट वर धरलेलं. डोळ्यांतून धुरानं पाणी वाहत होतं, पण चेहरा शांत. मागे पाटावर तुमचा कोट, समईनं पेटलेला, काळा पडून ओला चिंब, तिनं कलशातलं पाणी ओतलं होतं. हत्यारांना कुंकू लागलेलं. फ्रिजला, शिलाई मशीनला, टीव्हीला लागलेलं. दाराजवळच्या माझ्या सर्किटच्या डबीचं झाकण खाली पडलेलं, आणि ट्रान्झिस्टरच्या पाठीवर, अगदी मधोमध, लाल टिळा.

“आलीस पुट्टी?” लहान पोरीला म्हणावं तसं ती म्हणाली. “केवढं तापलंय बघ हे. मी वायर काढलीय. अप्पांना सांगू नकोस हं, आजच्या दिवशी तापतं ठेवलं म्हणून रागावतील.”

तिच्या बोटावर कुंकवाखाली फोड आला होता. वायर ओढताना तिला झटका बसला नव्हता, डायोड होता म्हणून. एवढं एक काम माझं बरोबर निघालं, तेही तुमचं. मी तिला धरून बाल्कनीत नेलं आणि रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि काकांना सांगत होती की पोर लहानपणापासून भित्री आहे.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची सुट्टी असतानाही, लॅब उघडून ट्रान्झिस्टर मीटरला लावला. दोन पाय आरपार जुळलेले. तापून तापून मेला, आणि मरताना प्रवाह सोडला नाही, धरून मेला. ते तसेच मरतात, हेही मी पोरांना शिकवते, परीक्षेत विचारते. काकांना सांगितलं, पार्टच खराब निघाला हो. बाईला तेच सांगितलं, डिपार्टमेंटमध्ये तेच सांगितलं. हल्लीचा माल असाच, सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी डोलावली नाही. दार नव्यानं बसवायला मदत केली त्यांनी, कडी स्वतः लावून दिली.

मॅग्नेट काढला आहे. कपाटात, खालच्या कप्प्यात, होता तिथे. दुपारचे तास मी सकाळी मागून घेतलेत, साडेबाराला घरी असते. अम्मा डबा भरते, होत्तायतु म्हणते, आणि मी तिच्याबरोबर चालते. मंडी मोहल्ल्यापर्यंत, उन्हात, रोज. कव्हरं विकणाऱ्याला मी आधी सांगून ठेवलंय, तो उठून डबा घेतो, अम्माला नमस्कार करतो. ती त्याला विचारते, हे कुठे गेले, आणि तो सांगतो, कृष्णराजनगरला गेलेत अम्मा, गिरणीत काम निघालं. मग ती निवांत परत फिरते. बाकीच्या वेळेसाठी दाराला नुसती घंटी लावली आहे, दार उघडलं की वाजते, अडवत काही नाही. घंटीचा ट्रान्झिस्टर मागवून लावला, चार दिवस थांबून. घंटी तासभर वाजवत ठेवली, शेजारी वैतागले, आणि ट्रान्झिस्टरवर बोट ठेवून हत्तुपर्यंत मोजलं. थंड होता. तरी भीती गेली नाही अप्पा. आता घंटी वाजली तरी मी दाराकडे धावते आणि बराच वेळ वाजली नाही तरी धावते. अम्मा एक दिवस माझ्या हातून निसटून जाईल, नदीकडे नाहीतर आणखी कुठे, आणि मी तेव्हा फळ्यावर काहीतरी लिहीत असेन. यावर माझ्याकडे सर्किट नाही.

हे पत्र तुमच्या कोटाच्या उरलेल्या बाहीत गुंडाळून मॅग्नेटशेजारी ठेवणार आहे. वाचून दाखवणार नाही, फोटोपुढेसुद्धा नाही. अम्मानं बजावलंय ना, अप्पांना सांगू नकोस म्हणून. तिचं एवढं तरी ऐकते. फक्त एक राहिलं, कारण सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही तेवढंच विचारलं असतंत. पार्ट खराब नव्हता. मी बोट लावलं होतं अप्पा. मॅग्नेट बसवल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी, अम्मा झोपली होती तेव्हा. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पाचाला बोट काढून घेतलं, उन्हाळा आहे म्हटलं, आणि झाकण लावून टाकलं.